पाण्याची किल्ली

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. घरी काका आणि मी त्यांच्या हाताखाली काम करते त्या प्रयोगशाळेत सर, पण माझ्या तोंडून तिथेही काकाच निघायचं आणि ते म्हणायचे, "आगाऊ आहेस." काकांनी लग्न केलं नाही. संसार थाटला तो एका पापुद्र्याशी. कांद्याच्या सालीसारखा पातळ, पारदर्शक, प्लास्टिकच्या जातीचा. एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा, मध्ये हा पापुद्रा, की झाली वीज तयार. ना धूर, ना आवाज. पुढे बसगाड्या यावर चालतील, असं काका माझ्या लहानपणापासून सांगत आले. घरचे माना डोलवायचे आणि विषय बदलायचे.

या पापुद्र्याचे लाड फार. तो सदा ओला हवा, म्हणून त्याला शेजारच्या बाटलीतून थेंबथेंब पाणी पाजायचं, तेही अगदी शुद्ध. नळाच्या पाण्यातले क्षार आत शिरले की तो गुदमरतो आणि वीज घटते. म्हणून काकांचा नियम कडक होता. शुद्ध पाण्याच्या कपाटाची किल्ली एकच, ती काकांच्या गळ्यात, आणि बाटली भरणार फक्त काका. एकदा प्रयोगशाळेतल्या फिटरने बिचाऱ्याने रिकामी बाटली नळाखाली विसळली, तर काकांनी त्याचं खोलीत येणंच बंद केलं. "पाण्यात हयगय करणाऱ्याने इथे पाऊल ठेवायचं नाही. मग तो माझा बाप का असेना!" पुष्कळ दिवसांनी राग उतरला, तेव्हा कुठे त्याला आत घेतलं.

यंदा आमचा सगळ्यात चांगला पापुद्रा चाचणीला लागला होता. तो टिकला तर बस बनवणारी एक कंपनी घेणार होती. नाहीतर संचालक आमच्या खोलीला कुलूप लावणार होते. सगळं सुरळीत चाललेलं. आणि एका सकाळी वीज घसरायला लागली.

माझं डोकंच फिरलं. गळती तपासली, तारा तपासल्या, नट पुन्हा आवळले. मग फिटरवर खेकसले, "बाटलीला हात लावलास?"

"मॅडम, त्या बाटलीकडे मी आता बघतसुद्धा नाही."

पाण्याचा विषय तिथेच संपला. पाणी काकांचं होतं, त्यावर शंका कोण घेणार?

दुपारी जेवून परत आले तर काका बाटलीपाशी उभे. हातात त्यांचा पिण्याच्या पाण्याचा स्टीलचा जग. नुकताच नळावर भरलेला, बाहेरून ओला. ते पाणी ते बाटलीत ओतत होते, शांतपणे, एक थेंब न सांडता. किल्ली गळ्यात तशीच लटकत होती.

मी पुढे होऊन जग धरला.

"काका, हे कुठलं पाणी?"

"शुद्ध. दुसरं कुठलं?"

"हा तुमचा प्यायचा जग आहे."

त्यांनी जगाकडे पाहिलं. मग चष्मा लावला, पाणी तपासायचा मीटर स्वतः बाटलीत बुडवला आणि आकडा वाचला. पुन्हा वाचला. चेहरा पांढराफटक पडला.

"हे मी केलं? आजच, की आधीही?"

वीज तर सकाळपासूनच घसरत होती. मी सकाळपासूनचे आकडे त्यांच्यापुढे धरले आणि ते समजले.

वाद नाही, सबब नाही. त्यांनी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "पापुद्रा ॲसिडमध्ये उकळ. क्षार निघून जातील," ते म्हणाले आणि फिटरच्या स्टुलावर मटकन बसले.

क्षार खरंच निघाले. वीज पहिल्यासारखी चढली. संचालकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चाचणी पहिल्यापासून सुरू करू दिली. काकांसाठी मी डॉक्टरांची वेळही घेतली. त्या रात्री मी फार रडले.

सकाळी काका नेहमीसारखे आले. आले ते शर्टाच्या गळ्यात हात घालून चाचपतच, भेदरलेले.

"माझी किल्ली कोणी घेतली?"

कालचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. फिटर खाली मान घालून नट पुसत राहिला. तो पांढराफटक चेहरा पुन्हा बघण्याची माझ्यात ताकद नव्हती.

"माझ्याकडे आहे. मी मागितली म्हणून तुम्ही दिलीत."

"आगाऊ आहेस."

मी कपाट उघडलं, बाटली भरायला घेतली. काका अगदी पाठीशी येऊन उभे राहिले आणि माझ्या हातांकडे बारीक नजरेने बघू लागले.

"नळाचं नाही ना?" त्यांनी विचारलं.