पी.पी. सोनवणेबाई

परत आलेलं पुस्तक सोनवणेबाई आधी हुंगायच्या आणि मग उघडायच्या. इंदापूरच्या त्यांच्या वाचनालयात मी पहिल्यांदा गेलो तो बारामतीच्या आमच्या कॉलेजने नेलेला एक जाडजूड ग्रंथ परत करायला. बाईंनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "कॉलेजचं म्हणून नेलं आन् वाचलं सैपाकघरात. हिंगाची फोडणी हाय." ग्रंथ आमच्या प्राचार्यांनी घरी नेला होता, आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयातला साधा मदतनीस, त्यांचं नाव कसं घेणार?

पुढे कळलं की हा त्यांचा रोजचा शिरस्ता होता. पळसदेवहून आलेल्या पुस्तकाला मासळीचा वास, वालचंदनगरच्या साखर कारखान्याच्या क्वार्टर्समधून आलेल्याला मळीचा, कळंबच्याला कांद्याचा. गंमत म्हणून त्या हे करत नसत. ओल धरलेलं पुस्तक तसंच कपाटात गेलं तर शेजारच्यांनाही बुरशी लागते, आणि ओल डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळते, असं त्यांचं म्हणणं होतं. वास आला की पुस्तक खिडकीतल्या फळीवर हवेला जायचं.

बाई बुटक्या, चष्म्याला काळी दोरी, आवाज मात्र बाजार समितीत लिलाव पुकारावा असा. वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि ती फक्त वाचकांसाठी होती. मागितलेलं पुस्तक जागेवर नसलं तरी 'नाही' म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. "हाय की. पर सध्या दुसऱ्याच्या घरी पाव्हणं गेलंय. शनवारी येतंय माघारी." एक निवृत्त गुरुजी खूण म्हणून पानाचा कोपरा दुमडायचे. त्यांना बाईंनी भर वाचनालयात सांगितलं, "गुरुजी, दुमडायचाच आसंल तर धोतराचा कोपरा दुमडा. घरी जाऊन सोडता तरी येतोय." गुरुजी रागावले, आठवडाभर आले नाहीत, मग सुतळीचा तुकडा खिशात घालून आले.

बाई आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की लोक वासाचीच गोष्ट सांगतात. मला आठवते ती त्यांच्या टेबलाखालची पत्र्याची पेटी.

बाई मूळच्या पळसदेवच्या, जुन्या पळसदेवच्या. उजनी धरणाचं पाणी गावावर आलं तेव्हा लोकांनी भांडी, गुरं, दारांच्या चौकटी हलवल्या. शाळेतले आणि चावडीतले काही कागद कुणीतरी पेटीत भरून बैलगाडीत टाकले आणि ते फिरत फिरत या वाचनालयात येऊन पडले. बाई नोकरीला लागल्या तेव्हा पेटी माळ्यावर होती. त्यांनी ती खाली उतरवली, उघडली आणि पहिल्याच वर्षी घोळ केला. आमच्याकडे ओलं काही दिसलं की आधी गच्ची आठवते. बाईंनीही कागद उन्हाळ्यात गच्चीवर अंथरले, कुरडयांच्या कापडावर ठेवावेत तसे वर खडे ठेवले. संध्याकाळपर्यंत शाई उडाली आणि कडा हाताला लागताच तुटू लागल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं.

एकच वस्तू बचावली, कारण ती त्यांनी गच्चीवर नेलीच नव्हती. ती म्हणजे गावाचा हाताने काढलेला मोठा नकाशा. घड्यांवर घड्या घातलेला, ओलीने घडीला घडी चिकटलेली, विटेसारखा घट्ट. त्यात प्रत्येक आळी, प्रत्येक घर नावानिशी आहे असं जुनी माणसं सांगत. बौद्धवाडा कुठे, कोळीवाडा कुठे, देवळाची वाट कुठली, सगळं. पण उघडायला गेलं तर फाटणार आणि तसाच ठेवला तर आतल्या आत कुजणार. बाई दर पावसाळ्यात तो हुंगायच्या आणि दर पावसाळ्यात त्यांचं तोंड उतरायचं.

अशात आमच्या कॉलेजात एक पत्रक आलं. तीन विद्यापीठं मिळून ग्रंथालय आणि अभिलेखशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करत होती. धडे इंटरनेटवरून येणार आणि एका ठिकाणी नाव नोंदवलं की बाकी दोन ठिकाणचे विषयही घेता येणार. मी ते पत्रक बाईंना दाखवायला इंदापूरला नेलं. त्यांनी विषयांवरून बोट फिरवलं आणि 'जुन्या व खराब झालेल्या कागदांची निगा' या ओळीवर ते थांबलं.

"तिघांचं सामाईक हाय म्हणता? सामाईक विहिरीवानी?"

"तसंच म्हणा."

"मग पाळी लावाय पायजे. लौकर नंबर धरा, जगतापराव. सामाईकात मागं ऱ्हाणाऱ्याला नुसता गाळ मिळतोय."

बाईंनी चाळिशीत बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. केलं होतं, म्हणजे अट पुरी होत होती. अडचण इंटरनेटची. ते तेव्हा बारामतीत नुकतंच आलं होतं आणि एस.टी. स्टँडजवळच्या दिलीप काळेच्या कॉम्प्युटर क्लासात होतं. दिलीपने बँकेतली बरी नोकरी सोडून हा क्लास काढला होता. त्यामुळे गावातले निम्मे लोक त्याला हुशार समजत आणि त्याचे सासरे धरून बाकीचे वेडा. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं आपापलं नाव घालायला त्याच्यापुढे जाऊन बसलो. शेवटचा दिवस, कारण आधीच्या प्रत्येक खेपेला फोनची लाइन तुटली होती. बाई चप्पल दाराबाहेर काढून आत आल्या, कॉम्प्युटरच्या खोलीत तेव्हा तशीच पद्धत होती.

नाव, शिक्षण, विषय असं सगळं भरून झालं आणि दिलीपने विचारलं, "बाई, ई-मेलचा पत्ता?"

"ती काय आसतंय?"

"टपाल यायला लागतो तसा पत्ता. पण कॉम्प्युटरवरचा."

"मग तुमचाच द्या की. म्होरं कंसात पी.पी. लिवा."

आता पी.पी. काय ते नव्या लोकांना सांगायला हवं. तेव्हा गल्लीत एखाद्याच्याच घरी फोन असायचा. बाकीचे सगळे अर्जावर, लग्नपत्रिकेवर त्याचाच नंबर द्यायचे आणि पुढे पी.पी. असं लिहायचे. फोन आला की त्या घरचं माणूस अंगणात येऊन हाक मारायचं. त्यात कुणाला संकोच नव्हता. बाईंच्या मते कॉम्प्युटरवालं घर गावात दिलीपचं, तेव्हा हाक मारायचं काम त्याचं. मलाही त्यात वावगं काही वाटलं नाही. माझा तरी स्वतःचा पत्ता कुठे होता? दिलीप म्हणाला, "मशीन कंस घेत नाही." मग नुसता पत्ता घातला. बाईंचा अर्ज गेला. त्याच पत्त्यावर माझाही गेला. स्टँडवर आम्ही उसाचा रस प्यायलो आणि बाई इंदापूरच्या गाडीत बसल्या.

दोन दिवसांनी अभ्यासक्रमाच्या मॅडमच्या नावाने उत्तर आलं. जगताप यांचा प्रवेश नक्की. याच पत्त्यावरून आधी आलेल्या अर्जात दुरुस्ती केल्याची नोंद घेतली आहे. तिकडच्या मशीनच्या हिशेबी एक पत्ता म्हणजे एक माणूस. माझा अर्ज बाईंच्या अर्जाची दुरुस्ती ठरला होता. मुदत संपली होती आणि जागा भरल्या होत्या.

मी तो छापील कागद घेऊन इंदापूरला गेलो. बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढून पदराने पुसला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"म्हंजे मी चुकले व्हते आन् तुमी मला दुरुस्त केलं," त्या म्हणाल्या.

"बाई, माझं नाव काढून तुमचं घाला म्हणून लिहितो मी त्यांना."

"आन् त्यांनी तुमचं काढलं, पर माझं घातलंच न्हाय तर? दोघं बी रस्त्यावर. कागद लिवायचा तर मी सांगते. चला बारामतीला."

वाचनालय वेळेआधी बंद झाल्याचं मी त्या दिवशी एकदाच पाहिलं. दिलीपच्या क्लासात बाईंनी उभं राहून मजकूर सांगितला. तिकडे मराठी अक्षरं उमटतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून दिलीपने तो इंग्रजी लिपीत टाइप केला. "अभ्यासक्रमाच्या मॅडम यांस. आमच्याकडं एका फोनवर सगळी आळी बोलती. म्हणून आमी दोघांनी एकाच घराचा पत्ता दिला. आमी दोन माणसं हाय. एक तरणा बाप्या हाय आन् एक मी. माझ्यापाशी बुडालेल्या गावाचा नकाशा हाय. त्यो उघडायचा कसा येवढं मला शिकायचंय. एवढा पावसाळा त्यो टिकंल आसं वाटतंय, म्होरला न्हाय टिकायचा." दिलीप टाइप करता करता थांबला. "बाई, 'बाप्या' असं लिहू?" "मग काय बायकू लिवतो?" बाई म्हणाल्या.

उत्तर यायला आठवडा लागला. त्या रोज दुपारी दिलीपकडे फोन करायच्या, अर्थात शेजारच्या औषधांच्या दुकानातून. शेवटी उत्तर आलं. मॅडमनी लिहिलं होतं की जागा आता देता येत नाही, परीक्षा आणि पदवीही नाही, पण धडे सगळे पाठवू आणि प्रश्न विचारलेत तर उत्तरं देऊ. मला वाईट वाटलं. बाईंनी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. "धडं येणार हाईत नव्हं? मग झालं. पदवी घिऊन मला काय नवरदेवाम्होरं मिरवायचंय?"

त्यानंतर वर्षभर आठवड्याला एकदा बाई बारामतीला यायच्या. दिलीप धडे छापून ठेवायचा, मी त्यातलं अवघड इंग्रजी सोडवून सांगायचो आणि बाई प्रश्न विचारून मला भंडावून सोडायच्या. बुद्धपौर्णिमेला दिलीपच्या आख्ख्या क्लासाला त्यांच्या घरची खीर मिळाली. मला परीक्षेची धास्ती, त्यांना कसलीच नाही. मग निगा राखण्याचा धडा आला. कागद कोरडा असताना ओढायचा नाही, त्याला आधी बंद जागेत हळूहळू दमट हवा द्यायची, मग तो आपोआप सैल होतो, असं त्यात होतं. बाई म्हणाल्या, "आन् मी त्यास्नी उन्हात घातलं." एवढंच. 

पावसाळ्याआधी नकाशा उघडायचं ठरलं. शाई पाण्याने पसरत नाही ना हे बाईंनी एका कोपऱ्यावर आधी पाहून घेतलं. मग झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा टब, तळाला ओला टीपकागद, वर चाळणी आणि चाळणीवर नकाशा. कणीक मळून झाकून ठेवावी तसा तो झाकून ठेवला. मी मधूनमधून झाकण उचलायला जायचो आणि बाई हातावर चापट मारायच्या. दुसऱ्या दिवशी पहिली घडी सुटली. एकेक घडी सुटायची वाट पाहत, मध्ये टीपकागद घालत तो पुरता उलगडला तेव्हा वाचनालयाची दोन टेबलं जोडावी लागली. बाईंनी स्वतःचं घर शोधलं, बघितलं आणि चहा टाकायला आत गेल्या. चहा व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला.

बातमी नव्या पळसदेवला पोचली आणि माणसं येऊ लागली. तोवर माझी परीक्षा झाली होती. नव्या पदवीचा रुबाब दाखवायला मी इंदापूरला पांढरे सुती हातमोजे घेऊन गेलो होतो, धड्यात सांगितल्याप्रमाणे. उघड्या हाताने जुन्या कागदाला शिवायचं नाही, हातावरचा घाम आणि तेल कागद खातं.

त्याच दिवशी एक म्हातारबुवा आले. काठी टेकत, नातसुनेचा हात धरून. डोळ्यांनी त्यांना नीट दिसत नव्हतं. "बाई, आमचं घर कुठं हाय ती दावा," ते म्हणाले. बाईंनी सांगितलं, "हितं, तात्या. देवळाच्या वाटंला, उजव्या अंगाला." तात्यांना दिसेना. त्यांनी हात पुढे केला. मातीत राबलेला, नखं काळी झालेला हात. मी पटकन मोजे पुढे केले आणि नियम सांगितला.

बाईंनी माझ्या हातातले मोजे काढून बाजूला ठेवले. तात्यांचा हात स्वतःच्या हातात घेतला, पदराने नीट पुसला आणि बोट धरून हलकेच नकाशावर टेकवलं.

"बाई, कागद खराब होईल," मी हळूच म्हणालो.

"व्हय, हुईल थोडा," बाई म्हणाल्या. "पर मग वाचवला कुणासाटी, जगतापराव?"

तात्यांचं बोट आपल्या दारातून निघालं, देवळाच्या वाटेने गेलं, नदीपर्यंत जाऊन परत आलं. वाटेत लागलेल्या प्रत्येक घराचं नाव ते सांगत होते आणि बाई खाली वाकून "बरोबर" म्हणत होत्या.