बापांची गोष्ट

मंडळी, आज निघालो होतो बेडशाची लेणी बघायला. पाणी प्यायला अंगणवाडीत शिरलो आणि तिथंच बसलो. फक्त बापांचा पालक मेळावा चालला होता.

ताई म्हणाल्या, "पोरांना गोष्ट सांगा."

एक दांडगा गडी लाजला. "मला न्हाई येत, ताई."

"मग आज काय केलं, तेच सांगा."

"म्हैस सुटली. मी मागं, ती वढ्याच्या पाण्यात!" त्याची पोरगी खिदळत त्याच्या मांडीवर चढली.

माझे वडील, अण्णा, आंबी गावातल्या कंपनीत कामाला जातात. तिथं काय करतात, मला अजून माहीत नाही.

बाहेर येऊन फोन लावला. "अण्णा, आज काय केलं दिवसभर?"

"का रं? बरा हायेस ना?"

"व्हय. सहज."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीपण नाही.

तुम्हाला सांगितलीय का कधी वडिलांनी त्यांच्या दिवसाची गोष्ट?