बांधलेले हात

कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात एक वॉर्ड विषबाधेच्या रुग्णांनी भरायचा. कुणाच्या अंगावर औषध उडालेलं, कुणाच्या नाकातोंडात गेलेलं. तिथल्या सिस्टर लोकांची ड्यूटी दर आठवड्याला बदलायची, माझी नाही. मी एकटाच पुरुष नर्स, सगळ्यांचा 'ब्रदर', त्यातही कंत्राटी. विषावर उतारा म्हणून दिलेल्या इंजेक्शनांनी रुग्ण भ्रमात जात, सलाईन उपटत. त्यांचे हात पट्टीने खाटेला बांधायला पुरुषमाणूसच पाहिजे, असं इन्चार्ज सिस्टरचं म्हणणं. सुट्टी मागितली की त्या हसत, "तुम्ही गेले तर बांधीन कोण, ब्रदर?"

आर्णीकडच्या एका खेड्यातला तिशीचा माणूस आला, त्या दिवशीही हेच ऐकलं होतं. माझी मुलगी घरी तापाने फणफणलेली. डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं, "बांधा." मी बांधलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या थोरल्या भावाने मनगटांवरचे निळे वळ डॉक्टरांना दाखवले. आवाज चढला, माणसं जमली. डॉक्टर म्हणाले, "मी असं काही सांगितलं नव्हतं. ब्रदरने आपल्या मनानं केलं." इन्चार्ज सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. त्या इंजेक्शनच्या ट्रेकडे पाहत राहिल्या. नंतर डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं की सकाळच्या राउंडला सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

दुसरी नोकरी समोर नव्हती. 'काही चुकलं असल्यास' असं कुणालाच न लागणारं एक वाक्य घोकून सकाळी गेलो.

त्या रुग्णाची बायको खाटेशी बसून वळांवर खोबरेल तेल लावत होती. पट्ट्या तिने सोडून टाकल्या होत्या. तो उघड्या डोळ्यांनी हवेत बोटं चालवत होता, चिमटीत काहीतरी खुडत. तिने त्याचाच दुपट्टा त्याच्यापुढे ओटीसारखा धरला. खुडलेलं त्यात टाकून तो शांत व्हायचा, पुन्हा खुडायचा. सलाईनला हात लावत नव्हता.

"कापूस वेचून राह्यले," ती मला म्हणाली. "जन्मात कधी वेचणीले आले नाई. म्हणत, हे बायाइचं काम."

डॉक्टर राउंड घेत त्या खाटेशी आले, तेव्हा घोकलेलं वाक्य मी सोडून दिलं. सुट्टी नाकारल्याचा राग मी या मनगटांवर काढला होता. शेवटची गाठ गरजेपेक्षा जास्त ओढली होती, आणि हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. हुकूम डॉक्टरांचा होता, पण तो हिसका माझा होता. मी तिला म्हणालो, "ताई, गाठ मी करकचून मारली. चुकलं माझं."

डॉक्टरांना हवं ते मिळालं. ते पुढच्या खाटेकडे गेले. दुपट्ट्याची दोन्ही टोकं माझ्या हातात देत ती म्हणाली, "धरा भाऊ. कालपासून जागची हालली नाई. तोंड धुवाले जाऊ द्या."

मी धरून बसलो.

नोकरी टिकली. वॉर्डही माझ्याच गळ्यात राहिला. पण त्यानंतर डॉक्टरांनी दारातून "बांधा" म्हटलं की मी नातेवाइकांसमोर मोठ्याने विचारायचो, "साहेब, बांधू का?" मग बहुतेक वेळा त्यांना आत येऊन रुग्णाकडे बघावं लागे. आणि बांधावं लागलंच, तर गाठीखालून माझं बोट फिरतंय ना, हे बघितल्याशिवाय मी खाटेपासून हलत नसे.