गिळलेली ओळ

शिंपीणबाईंच्या नवऱ्याचं उद्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि बाई हॉस्पिटलात त्याच्या खाटेशेजारी बसून नणंदेचा झगा शिवत होत्या, तोही मुद्दाम कच्च्या धाग्याने. चर्चमध्ये सगळ्यांदेखत नणंदबाई नाकातून म्हणाल्या होत्या, "वहिनीऽऽ, तुझ्या प्रार्थनेतच खोट, म्हणून माझा दादा अंथरुणाला खिळला!" आता रविवारी गाताना त्यांनी वरचा सूर लावला, की झगा कमरेत टर्रकन उसवणार होता.

नवरा म्हणाला, "प्रार्थना म्हण ना." बाईंनी प्रभूची प्रार्थना घडाघडा म्हटली.

"'आम्ही अपराध्यांना क्षमा करतो' ही क्षमेची ओळ गिळलीस गं."

"ती म्हटली, तर शिवण पक्की घालावी लागेल!"

तो छाती धरून हसला. "मग घाल की! उद्या मला निवांत झोपायचंय, तुझी धुसफूस कानात घेऊन नाही."

बाईंनी दातओठ खात ती ओळ म्हटली, कच्चा धागा सर्रकन ओढून काढला आणि वर बघून बजावलं, "मी सोडलं तिला. पण प्रभू, तू सगळं ऐकलंयस, विसरू नकोस!"

सूड एकदाचा योग्य हातांत गेला. बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि नवऱ्याचा हात धरून त्या बसल्या बसल्या घोरू लागल्या.