फिरत्या दरवाजातली वरात

माझ्या मेव्हण्याचं, संदीपचं, लग्न दुबईतल्या एका हॉटेलच्या फिरत्या दरवाजात लागलं. जबाबदार मी.

माझे सासरे मिरजेकडचे. तिकडे बँडशिवाय नवरदेव घराबाहेर पाऊल टाकत नाही. १९९८ साली ते लग्नासाठी आमच्याकडे दुबईत उतरले ते हेच म्हणत : "जावईबापू, बँड नसंल तर वरात कसली?"

"बघतो की!" मी म्हणालो. (सासरच्यांसमोर माझ्या तोंडून 'जमणार नाही' निघतच नाही. जुनं दुखणं आहे.)

दुबईतल्याच अल क्वोज भागात, कामगारांच्या एका कॅम्पात, सांगलीकडच्या वेल्डर-फिटर मंडळींचा बँड होता. लाल कोट, सोनेरी झालर, दर शुक्रवारी तालीम. त्यांचे मास्तर शंकरराव क्लॅरिनेट वाजवायला लागले की शेजारच्या खोलीतले पठाणही माना डोलवत. सगळे हौसेनं आले, पण मोठ्या ढोलवाल्याची ऐनवेळी ड्युटी लागली.

"मी वाजवतो!" मी म्हणालो.

"सायेब, कधी वाजवलाय का?"

"त्यात काय? बडवायचाच तर आहे!"

शंकररावांनी मला लाल कोट चढवला आणि ढोलाचा पट्टा पाठीवर गच्च आवळला. ढोल एवढा, की मला समोरचं काही दिसेना आणि समोरच्यांना मी! पार्किंगमधून वरात निघाली. सासरे फेटा सांभाळत नाचत होते, डोळ्यांत पाणी. मलाही भरून आलं. त्या भरात मी बडवत बडवत सरळ फिरत्या दरवाजात शिरलो.

खट्ट! ढोल काच आणि चौकटीच्या मध्ये अडकला. दरवाजा थांबला. मागच्या कप्प्यात संदीप, मुंडावळ्यांसकट बंद! ना आत, ना बाहेर.

आतून माझी मुलगी ओरडली, "ओ माय गॉड, डॅडी इज स्टक!"

"बँड थांबवा!" कुणीतरी म्हणालं.

"नवरदेव मांडवात पोचल्याबगार आमचा बँड थांबत न्हाई," शंकरराव म्हणाले आणि दुप्पट जोरानं वाजवू लागले.

मुहूर्त टळायला आला. नवरीचा चेहरा रडवेला. शेवटी गुरुजींनीच घाम पुसला. "मुलीला इकडे आणा. अंतरपाट काचेवर धरा!"

काचेच्या त्या बाजूला नवरी, या बाजूला नवरा. मंगलाष्टकं झाली, अक्षता काचेवर टपटपल्या. अंतरपाट दूर झाला आणि दोघांनी एकमेकांना पाहिलं. संदीपला हसू आवरेना, मग तीही खुदकन हसली. तेवढ्यात वॉचमन खानानं "यल्ला, हबीबी! चलो, चलो!" म्हणत दरवाजाला खांदा दिला. ढोलाचं कातडं फाटलं आणि मी डोक्यासकट ढोलात!

फोटोग्राफरनं नेमका तोच क्षण टिपला. अल्बम बघताना पाहुणे विचारतात, "हे ढोलातले गृहस्थ कोण?"

बायको मान न वळवता सांगते, "बँडवाले."

एकदा शंकरराव घरी आले होते. त्यांनी फोटो जवळ नेऊन निरखला आणि घाईघाईनं म्हणाले, "न्हाई हो वैनी, आमच्यातलं न्हाईत!"