बंद खात्यातला फंड

रियाधमधल्या आमच्या भारतीय शाळेत क्रिकेट संघासाठी पालकांनी वर्गणी काढून फंड उभा केला होता. अशा फंडाच्या नावाने तिथे खातं उघडणं शक्य नव्हतं. मी एका कंपनीत अकाउंटंट आणि मुलगा संघात गोलंदाज, म्हणून पैसे माझ्याच खात्यात ठेवायचं ठरलं. "दुसऱ्यांचे पैसे आपल्या नावावर कशाला?" असं बायको म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

दम्मामची स्पर्धा तोंडावर आली. बसवाल्यासाठी पैसे काढायला गेलो, तर मशीनने कार्ड तसंच परत दिलं. आतल्या क्लार्कने माझा इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, बघितला आणि म्हणाला, "खलास." मुदत संपली होती. नवा इकामा होईपर्यंत खातं बंद. कंपनीत विचारलं, तर कफील, म्हणजे परवान्याची हमी घेणारा मालक, परदेशी गेलेला, त्याच्या सहीशिवाय काही हलत नव्हतं.

पालकांच्या बैठकीत मी इकामा टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. कोणी तो उचलूनही बघितला नाही. मग पालक समितीचे अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "इकामे का तो बहाना भी हो सकता है."

कप्तानाचे वडील, रत्नागिरीकडचे व्यापारी, ताडकन उठले. "बस का पैसा मैं देता हूँ. पर आप ये बात वापस लीजिए."

अध्यक्षांनी ती मागे घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेतून आला आणि दप्तर न काढताच त्याने विचारलं, "पापा, पैसे हैं ना?"

"आहेत!" मी ओरडलोच. तो दचकला. दम्मामला जाणार नाही म्हणून अडून बसला. बायकोने त्याची बॅग भरली आणि मला त्याला बसपर्यंत सोडायला लावलं. मी गाडीतून उतरलो नाही.

संघ हरून परतला. त्यानंतर केव्हातरी इकामा आला. त्याच दिवशी सगळी रक्कम काढली, आधी व्यापाऱ्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी पैसे न मोजता गल्ल्यात टाकले आणि चहा मागवला. उरलेले मी बैठकीत अध्यक्षांसमोर ठेवले. त्यांनी एकेक नोट मोजली.

"ठीक है. आगे भी आप ही सँभालिए."

"नाही," मी मराठीतच म्हणालो. त्यांना ते कळलं.