रिठ्याच्या पाण्यातली देवी

माझ्या नवऱ्याला ना दारूचं व्यसन, ना पत्त्यांचं. त्याला नाद होता जुन्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांचा. तीही साधी नव्हेत, प्रूफ! म्हणजे बाजारात फिरवायला नाही, तर टांकसाळीनं नमुना म्हणून खास घडवलेली, आरशासारखी चकचकीत. जवळची सगळी नाणी विकून त्यानं शेवटी एकच, फार दुर्मिळ, घेतलं होतं. इथे परदेशात, कनाटा गावातल्या आमच्या बेसमेंटमध्ये ते सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत असायचं आणि ती डबीसुद्धा हा पांढरे हातमोजे घालून उचलायचा. "पुसायचं नाही, धुवायचं नाही, एक ओरखडा आला की संपलं," हे ऐकून माझे कान किटले होते.

त्या वर्षी त्याच्या कंपनीत लेऑफ सुरू झाले. रोज कुणी ना कुणी सामानाचा खोका घेऊन बाहेर पडायचं. माझी झोप उडाली. हा म्हणायचा, "घाबरतेस काय? माझी नोकरी गेलीच, तर नाणं विकू. घर जाणार नाही." मला त्या नाण्याचा संताप यायचा आणि त्याचाच आधारही वाटायचा.

दिवाळीला सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. नाणं बघून त्यांनी विचारलं, "ही मुकुटवाली कोण रे?"

हा हौसेनं म्हणाला, "आई, ती तिकडची स्वातंत्र्यदेवी."

"अरे देवा! देवी, आणि तळघरात कोंडलीस?"

आम्ही दोघंही हसलो.

लक्ष्मीपूजनाला मी कामावरून घरी आले तर घरभर रिठ्याचा वास. ओट्यावर सासूबाईंचा अडकित्ता, डबीचे तुकडे आणि जुना टूथब्रश. देवापुढे तांदळावर नाणं, त्या बाईच्या कपाळाला हळदकुंकू. पूजेआधी सोनं रिठ्यानं घासायचं, हे त्यांनी जन्मभर केलेलं.

"बघ कशी लख्ख केली," त्या म्हणाल्या. "त्याची नोकरी टिकू दे म्हणून साकडं घातलंय."

मी नाणं खिडकीशी नेलं. आरसा गेला होता. सगळीकडे बारीक ओरखडे. मला ओरडावंसं वाटत होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी नाणं परत तांदळावर ठेवलं. बाहेर बर्फ पडायला लागला होता. याला फोन केला, तर उचलेना.

थोड्याच वेळात गाडी ड्राइव्हवेत आली. रोजच्यापेक्षा फार लवकर.

हा आत आला तो हातात खोका घेऊनच. खोका खाली ठेवला आणि मला म्हणाला, "गेली. पण काळजी करू नकोस, आपलं नाणं आहे." मग त्याची नजर देवाकडे गेली.

त्याच्या आईला खोक्याचा अर्थ कळला नव्हता. त्यांनी नाणं उचलून पुढे केलं, "घे, हातात घे. लक्ष्मी आहे."

त्यानं बर्फानं ओला झालेला हात तसाच पुढे केला, नाणं मुठीत गच्च आवळलं आणि वाकून नमस्कार केला.

"छान केलंस, आई," तो म्हणाला.